चवीच्या वहीतलं पान

आमच्या मेसमध्ये एक वही होती. मुली तिला चवीची वही म्हणायच्या. जेवणाची घंटा व्हायच्या आधी मेस कमिटीतली एक मुलगी आत यायची, पत्र्याच्या टेबलाशी एकटी बसायची, भाजी, आमटी, पोळी, भात थोडं थोडं खायची, पेलाभर पाणी प्यायची आणि वहीत शेरा लिहून सही करायची. मग घंटा. ही पद्धत विद्यापीठाची नव्हती, मीच घातली होती. ताटावर बसल्यावर तक्रार निघाली की दीडशे तोंडांशी भांडावं लागतं. आधीच एकीशी काय ते मिटवलं, तर बाकीच्या गप्प जेवतात. एकीशी सौदा करणं मला जमतं.

त्या वहीतलं एक पान माझ्याकडे आहे. ते मीच फाडलं. ते का फाडलं आणि त्यानंतर काय झालं, ते आता लिहून ठेवते आहे. विद्यापीठाने जो अहवाल केला त्यात हे नाही. त्यात माझ्याविरुद्ध जेवढं हवं तेवढंच आहे.

मी मूळची इगतपुरीकडची. नवरा गेल्यावर नाशिकला आले आणि शहर संपून द्राक्षबागा आणि प्लॉट पाडलेले माळ सुरू होतात तिथे, विद्यापीठाच्या फाटकासमोर, पोह्यांची गाडी लावली. तेव्हा आत दोन इमारती आणि एक मोठी पाटी होती, बाकी सगळं कुसळांचं रान. पुढे इमारती वाढल्या, लायब्ररी झाली, वसतिगृहं झाली. मुलं प्रॅक्टिकलची जर्नलं काखेत मारून माझ्या गाडीशी उभी राहायची, एका प्लेटमध्ये तिघं खायची आणि प्रेमं, परीक्षा, प्राध्यापक सगळं माझ्यासमोरच बोलायची. त्यांच्या लेखी मी म्हणजे गाडीचं चौथं चाक. पण माझे कान उघडे असायचे. मुलींच्या वसतिगृहाची मेस चालवणारा माणूस सोडून चाललाय हे मला ऑफिसच्या आधी कळलं, ते असंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेक्टर मॅडमच्या दारात होते.

मेस मला दर वर्षी नव्याने मिळायची, जूनमध्ये. सहा वर्षं मिळाली. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी मार्चमध्येच ऑफिसमधून कुजबुज कानावर आली, की या वेळी शहरातला कोणी मोठा केटरर बघताहेत. एक दिवस पांढऱ्या शर्टातला एक माणूस माझ्या स्वयंपाकघरात शिरला, मला न विचारता टेपने ओट्याची लांबी मोजली आणि वहीत लिहून घेतली. मी विचारलं, कोणाला विचारून आत आलात. तो हसून म्हणाला, सहज. त्या 'सहज'ने माझी झोप उडाली. सहा वर्षांत मी हात भाजून, बायकांना शिकवून, बाजार समितीत पहाटे उभी राहून जे उभं केलं होतं, ते कोणीतरी टेपने मोजून नेत होतं. जूनपर्यंत एक तक्रार येता कामा नये आणि खर्च एका पैशाने वाढता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात बसलं.

आणि नेमकं पाणी आटलं.

वसतिगृहाची बोअर दर उन्हाळ्यात धाप टाकते. करारात प्यायच्या पाण्याची जबाबदारी माझ्यावर टाकलेली होती आणि फिल्टरची ऑफिसवर. फिल्टर बंद पडून वर्ष झालं होतं. मी तीन अर्ज दिले, तिन्हींवर शिक्क्याची पोच घेतली, कारण शब्दावर माझा कधीच विश्वास नाही. फिल्टर आला नाही. तोपर्यंत मी जवळच्या एका बागाईतदाराच्या विहिरीचं पाणी टँकरने आणत होते. गोड, थंड पाणी. पण एप्रिलची छाटणी झाली की द्राक्षांना पाणी लागतं; त्याने भाव चढवला आणि टँकरही एक दिवसाआडच देईन म्हणाला. मी चिडले. त्याच्या ओट्यावर उभं राहून त्याला नको ते बोलले. परत येतानाच दुसरा टँकरवाला शोधला.

हा दुसरा माणूस तरुण होता, डोळे उन्हाने बारीक झालेले, टँकरच्या मागच्या बाजूला पत्रा आत दबून मोठा पोचा पडलेला. त्याने भाव सांगितला. मी त्याच्या निम्म्याहून खाली बोलले. इतकं खाली मी कधी बोलत नाही. समोरचा उठून जाईल, मग परत येईल, मग आपण थोडं वर जाऊ, असा हिशोब असतो. तो उठला नाही. वरही गेला नाही. म्हणाला, "ठीक आहे मावशी, उद्यापासून."

घासाघीस करून पोट भरणाऱ्या बाईला एक गोष्ट कळते. भाजीवाली पहिल्याच बोलीला हो म्हणाली तर गड्डी उलटी करून बघायची. आत काहीतरी सडलेलं असतं. हे मी माझ्या पोळ्या लाटणाऱ्या बायकांना कितीदा सांगितलं होतं. त्या दिवशी मी ते उलटं करून बघितलं नाही. मला आनंद झाला होता. बागाईतदाराची कशी जिरवली, असं वाटत होतं.

मेस कमिटीची प्रमुख त्या वर्षी सुरगाण्याकडची एक मुलगी होती. शेवटच्या वर्षाला होती, उंचीने कमी, आवाज बारीक, पण बोलायला लागली की सुटत नसे. घरी तिने सांगून ठेवलं होतं, या परीक्षेत पास झाले तर पुढे शिकणार, नाहीतर घरी येणार. हे तिनेच मला सांगितलं होतं, पनीर आठवड्यातून दोनदा करा म्हणून भांडताना. मी म्हणाले, एकदा. ती म्हणाली, मग दुसऱ्यांदा अंडी. मी म्हणाले, अंडी न खाणाऱ्यांचं काय. ती म्हणाली, त्यांना त्या दिवशी पनीर. मला हसू आलं होतं. पोरीला भाव करता येतो, असं मनात आलं होतं. इतर कमिटीवाल्या मुली अभ्यासाच्या सुट्टीत घरी गेल्या होत्या, म्हणून एप्रिलमध्ये रोज दोन्ही वेळेला चव बघायला तीच बसायची. रोज दोन्ही वेळेला पहिला पेला तीच प्यायची.

नवा टँकर सुरू होऊन पाच दिवस झाले असतील. तिने भाजी चाखली, आमटी चाखली, मग पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला. परत उचलून वास घेतला. मी ओट्याशी उभी होते.

"मावशी, हे पाणी विहिरीचं नाय," ती म्हणाली. "साठलेलं हाय."

मी म्हणाले, टँकर बदललाय, वेगळ्या विहिरीचं आहे.

"आमच्याकडं उन्हाळ्यात डोहातलं पाणी असं लागतं. वरून चांगलं दिसतं. आम्ही पीत नाय ते, गुरांना देतो."

असं म्हणून तिने वही ओढली आणि लिहायला लागली. माझं डोकं फिरलं. मला वाटलं, हिला पनीर हवंय. पाण्याचं निमित्त करून मला कोपऱ्यात घेते आहे, कारण जून जवळ आलाय हे हिलाही माहीत आहे. मी तिला जे बोलले ते बायकांसमोर बोलले. की डोंगरात ओढ्याचं पाणी पिऊन मोठ्या झाल्या आणि इथे येऊन वास घेतात. तिने लिहिलं ते पूर्ण केलं, सही केली, घंटा वाजवली आणि सगळ्यांबरोबर जेवली.

रात्रीच्या जेवणानंतर रेक्टर मॅडम वही बघायला येतील हे आठवून मी ते पान फाडलं. वहीच्या पानांना नंबर नव्हते. धागा सैल होता, कागद सहज निघाला. मॅडमनी वही बघितली आणि पाणी उकळता ना, असं विचारलं. मी हो म्हणाले. दीडशे मुलींचं पाणी उकळायला गॅस किती लागेल हे त्यांना माहीत नव्हतं आणि त्यांनी पुढे विचारलं नाही. सोयीचं उत्तर मिळालं की त्या ऑफिसात पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

पण वास माझ्याही नाकात बसला. दुसऱ्या दिवशी मी पेला उन्हात धरून बघितला. पाणी नितळ होतं. तळाशी मात्र बोटाने पुसलं तर बुळबुळीत लागायचं, शेवाळासारखं. मी पेला घासला आणि परत भरला. परत तेच. तीन दिवस मी ते स्वतःला समजावत राहिले. नवव्या दिवशी दुपारी टँकर रिकामा होऊन फाटकाबाहेर पडला तेव्हा मी स्कूटी काढली आणि त्याच्या मागे निघाले.

तो कोणत्याच विहिरीकडे गेला नाही. डांबरी संपली, क्रशरचा पांढरा रस्ता लागला, दोन्ही बाजूंची झाडं धुळीने पिठासारखी झालेली. पुढे बंद पडलेली दगडाची खाण होती. सरळ कापलेल्या काळ्या भिंती आणि खाली हिरवं पाणी, हलत नसलेलं. टँकरवाल्याने पंपाचा पाइप पाण्यात सोडला होता. समोरच्या काठाला दुसरा एक टँकर उभा होता. शहरातल्या सोसायट्यांच्या संडासांच्या टाक्या उपसणारे असतात, तसला. त्याचाही पाइप त्याच पाण्यात होता. हा भरत होता आणि तो सोडत होता. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. पंपाच्या आवाजाशिवाय तिथे काही नव्हतं, पक्षीसुद्धा नाही.

त्याने मला बघितलं. पळाला नाही, शरमला नाही. पंप बंद केला आणि माझ्याकडे चालत आला.

"मावशी, तुम्ही दिला त्या भावात विहिरीचं कुठून आणू?" तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला कळलंय."

मी स्कूटी वळवली.

त्याच संध्याकाळी मी बागाईतदाराकडे गेले आणि तो म्हणेल तो भाव कबूल केला. त्यालाही ते विचित्र वाटलं. दोनदा माझ्या तोंडाकडे बघितलं. टाकी उपसली, बायकांना आत उतरवून घासून घेतली, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकली. मुलींना म्हणाले, उन्हाळी सफाई. दोन दिवस त्या औषधाच्या वासाने कुरकुरल्या, मग विसरल्या. सुरगाण्याची मुलगी पेला प्यायली आणि वहीत लिहिलं, पाणी चांगलं. माझ्याकडे बघितलं. मी पोळ्यांकडे बघितलं. मी कोणालाही काही सांगितलं नाही. टँकर बंद झाला म्हणजे गोष्ट बंद झाली, असं मी धरलं. आठ दिवस गेले, पंधरा गेले. कोणाचं पोटही दुखलं नाही. मुली पहाटे उठून गच्चीत पुस्तकं घेऊन फिरायच्या, झेरॉक्सच्या दुकानासमोर रांगा लागल्या होत्या, कँटीनबाहेर मुलं एकमेकांना उत्तरं विचारत उभी असायची. मेस इतकी चांगली कधी चालली नव्हती. रेक्टर मॅडम म्हणाल्या, या वर्षीही तुम्हीच राहाल असं दिसतंय. मी देवासमोर नारळ फोडला.

तो आजार लगेच दिसत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तीन-चार आठवडे तो आत बसून राहतो, हे डॉक्टरांनी सांगितलं ते नंतर.

सुरुवात फोडणीपासून झाली. मोहरी तडतडली की आमच्या मेसमध्ये मुली दारातून विचारायच्या, आज काय आहे. परीक्षेच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस फोडणी पडली आणि सुरगाण्याची मुलगी चवीच्या टेबलावरून उठून बाहेर गेली. तोंडाला ओढणी लावून कठड्याशी उभी राहिली. मी विचारलं तर म्हणाली, जागरण झालंय, तेलाचा वास सहन होईना. तिने चव बघितली नाही, नुसती सही केली. तिचं ताट भरलेलं परत आलं. पोळी तशीच, भातावर वरण सुकलेलं. मी ते ताट हातात घेऊन किती वेळ उभी राहिले कोणास ठाऊक. माझ्या एका बाईने विचारलं, काय झालं. मी म्हणाले, काही नाही.

दुसऱ्या दिवशी चार ताटं परत आली. तिसऱ्या दिवशी मोजायचं मी सोडून दिलं.

ताप आला तेव्हा मुलींना वाटलं परीक्षेचं टेन्शन. गोळ्या घ्यायच्या आणि पेपरला बसायचं, हे वसतिगृहातलं नेहमीचं. ती मुलगी पाच दिवस तापाच्या गोळ्या खाऊन पेपर देत होती. मी रोज बघत होते. माझ्या तोंडाशी आलं होतं, की बाई गं, दवाखान्यात जा, तू जे प्यायलीस ते मला माहीत आहे. पण ते बोलले असते तर पुढचं सगळं बोलावं लागलं असतं, आणि जून तीन आठवड्यांवर होता. सहाव्या दिवशी ती लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसली ती उठलीच नाही. मैत्रिणींनी तिचे डोळे बघितले तेव्हा ते हळदीसारखे झाले होते.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या किती खाल्ल्या, कधीपासून. ऐकून ते म्हणाले की काविळीत त्या गोळ्यांनी लिव्हरवर आणखी मार बसला. आधी कळलं असतं तर देऊच दिल्या नसत्या. ते कोणाला उद्देशून बोलले नव्हते. मी दारात उभी होते. एकूण तीस-बत्तीस मुली आजारी पडल्या. बाकीच्या घरी नेल्यावर पथ्यपाण्याने उठल्या. ती सतरा दिवस तिथे होती, त्यातले चार दिवस तिने कोणाला ओळखलं नाही. तिचा बाप डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर बाकावर बसायचा. मला बघून उठून उभा राहायचा, कारण मुलीने घरी सांगितलं होतं, की मेसच्या मावशी फार चांगल्या आहेत.

जूनमध्ये चौकशीला तिघं जण बसले. मी तीन अर्जांच्या पोचा पिशवीत घालून गेले होते. ते पानही त्याच पिशवीत होतं. ते मी का जाळलं नव्हतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. हातात आहे ते सोडायचं नाही, कधीतरी त्याचा उपयोग होतो, ही माझी आयुष्यभराची सवय, एवढंच उत्तर सापडतं. मी म्हणाले, फिल्टर का बसवला नाही ते आधी सांगा. तिघांतल्या एका साहेबांनी पोचा हातातही घेतल्या नाहीत. चवीची वही त्यांच्या पुढ्यात होती. ती त्यांनी माझ्याकडे सरकवली.

"तुम्ही पोचा ठेवा, बाई. आम्ही वही ठेवतो," ते म्हणाले. "एप्रिलमध्ये एकही तक्रार नाही. मग कमिटीची मुलगी रोज सही कशावर करत होती?"

तेव्हा मला कळलं की त्यांना एकच माणूस पुरणार नाही. मी आणि ती. मी कंत्राटदार म्हणून, आणि ती जबाबदारी घेऊन ती न पाळणारी म्हणून. पिशवी माझ्या मांडीवर होती. पान काढून टेबलावर ठेवलं असतं तर ती सुटली असती. मग पुढचा प्रश्न आला असता, पान कोणी फाडलं, का फाडलं, आणि त्यानंतरचे चार दिवस तेच पाणी का चालू ठेवलं. कंत्राट गेलंच होतं, आता पोलीस आले असते. मी पिशवीचा बंद धरून बसले. तिने मला काही सांगितलं होतं का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले.

मेस त्या टेपवाल्याला मिळाली. फिल्टरबद्दल अहवालात एक ओळ नाही; तो पंधरा दिवसांत नवा बसला, आणि जणू आधीपासून होता. मुलींच्या काविळीचं सगळं खापर माझ्यावर आणि त्या मुलीवर. तिचे चार पेपर बुडाले, पुढच्या वर्षासाठी वसतिगृहातली जागा काढून घेतली. ऑफिसने माझं जे केलं ते मी विसरणार नाही. तिचं जे केलं ते त्यांनी केलं की मी, हे सांगताना मात्र माझी जीभ जड होते.

नागलीची कापणी झाली तेव्हा मी तिच्या गावी गेले. बोरगावपर्यंत एसटी, पुढे जीप, मग चालत. ती अंगणात नागली पाखडत होती. हडकुळी झाली होती, केस कापलेले, पण डोळे पांढरे होते. मला बघून आत गेली आणि तांब्या घेऊन आली. माझ्या हातात द्यायच्या आधी ओंजळीत घोटभर ओतून स्वतः प्यायली.

"सवय लागली," ती म्हणाली. मग तांब्या दिला.

मी पान काढलं आणि सगळं सांगितलं, खाणीसकट. सांगताना मध्ये मध्ये ऑफिसला शिव्या घातल्या, फिल्टरचं सांगितलं, पोचांचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. कागद वाचला. तिच्याच अक्षरात होतं: पाण्याला वास आहे, साठलेलं वाटतं, मावशींना सांगितलं. खाली सही. मी म्हणाले, मी हे घेऊन ऑफिसात जाते, तुझी जागा परत मागते, तू म्हणशील तसं करते.

तिने कागद घडी घालून माझ्या हातात परत दिला.

"जूनमध्ये आणलं असतं तर याला किंमत होती, मावशी. आता काय येईल याचं?" ती म्हणाली. ती चिडलेली नव्हती. बाजार उठल्यावर माल घेऊन आलेल्याला सांगतात तसं सांगत होती. आणि मग विचारलं, "तो टँकर आता कुठं जातो?"

मला माहीत नव्हतं. तो माझ्याकडे येईनासा झाला म्हणून मी धरून चालले होते की तो कुठेच जात नाही.

"बघितलं नाय तुम्ही?"

परत येताना मी खाणीकडे वळले. पाणी तितकंच हिरवं होतं. काठाच्या चिखलात चाकांच्या ओल्या खुणा होत्या.

आता परत एप्रिल आहे. विद्यापीठाच्या फाटकासमोर माझा डब्यांचा छोटा गाळा आहे. तिथून आत येणारं-जाणारं सगळं दिसतं. बोअर आटली असावी, कारण या महिन्याच्या सुरुवातीला मागच्या बाजूला पोचा असलेला तो टँकर फाटकातून आत गेला आणि मुलांच्या वसतिगृहाकडे वळला. वॉचमनने त्याला सलाम केला. मी धावत गेले. वॉचमन म्हणाला, मावशी, तुम्हाला आत सोडायची मनाई आहे. मी त्याच्याशी भांडले, मग फाटकाबाहेर उभी राहून ओरडले. जाणारी मुलं थांबून बघायला लागली आणि हसली. मेस गेली म्हणून बाई जळते, असं त्यांच्यातला एक जण म्हणाला, मला ऐकू येईल इतक्या आवाजात.

म्हणून चौथा अर्ज केला. त्यात खाण लिहिली, दोन्ही पाइप लिहिले, मी काय केलं ते लिहिलं आणि चवीच्या वहीतल्या पानाची झेरॉक्स जोडली. एक प्रत आरोग्य खात्यात दिली, एक पोलीस चौकीत, एक वॉचमनच्या हातून ऑफिसात पाठवली. तिन्हींवर पोच घेतली. त्याला आज अकरा दिवस झाले. टँकर रोज येतो आहे. मी रोज दुपारी मुलांच्या मेसमधून बाहेर पडणाऱ्यांना विचारते, जेवलास का, ताट संपवलंस का. ती हसतात, हो म्हणतात.

अजून सगळी हो म्हणतात.